घरातलं मांजर : पुणेकर वारंवार विचारतात ते प्रश्न

कोथरूडच्या आमच्या घरात गेली तेरा वर्षं मांजरं आहेत. शिवाय सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सापडलेली पिल्लं सांभाळून चांगल्या घरी द्यायची, हेही चालू असतं. त्यामुळे रोज कोणी ना कोणी काहीतरी विचारतं, आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. ते ज्या शब्दांत आले साधारण त्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस इथे कुठेही सापडणार नाही. मांजर आत्ता आजारी असेल तर वरपासून वाचत बसू नका. बोक्याला शू होत नसेल तर प्रश्न १०, काही विषारी खाल्लं असेल तर प्रश्न १४, दोरा गिळला असेल तर प्रश्न १५ वाचा आणि निघा.

१. पहिल्यांदाच मांजर आणणार आहोत. देशी आणावं की पर्शियन?

देशी आणा. पर्शियन देखणं असतं, पण त्याला रोज विंचरावं लागतं, नाहीतर काखेत आणि पोटाखाली केसांच्या जटा होतात. चपट्या नाकामुळे श्वासाला त्रास होतो, डोळे सतत गळतात आणि पुण्यातला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. हौसेने विकत घेतलेली आणि वर्षाच्या आत "आम्हाला जमत नाहीये, कोणी घेईल का" म्हणून माझ्याकडे आलेली बहुतेक मांजरं याच जातीची होती. देशी मांजर इथल्या हवेतच वाढलेलं असतं आणि नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज जगतं. आणण्याआधी हा आकडा घरातल्या सगळ्यांना सांगा. आज दहावीला असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही मांजर घरात असणार आहे.

दिवसभर घराला कुलूप असेल तर एकाच वेळी दोन भावंडं आणा. एकमेकांशी खेळून दमतात, सोफ्याची खोड कमी काढतात.

२. पिल्लू किती दिवसांचं झाल्यावर आणायचं?

किमान आठ आठवड्यांचं. दहा-बारा आठवडे आईजवळ राहिलं तर फारच उत्तम. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे हाताला कडकडून चावतात आणि मालक म्हणतात, "हे मांजर स्वभावानेच रागीट आहे." पाच आठवड्यांचं पिल्लू "दूध सुटलंय, न्या आता" म्हणून कोणी हातात ठेवत असेल तर थांबा. आई नसलेल्या पिल्लाबद्दल प्रश्न २१ मध्ये आहे.

३. कालच आणलं. पलंगाखालून बाहेरच येत नाही. आमचं काय चुकलं?

काही नाही. एक खोली द्या, तिथेच खाणं-पाणी आणि दुसऱ्या टोकाला ट्रे ठेवा. ओढून बाहेर काढू नका, शेजारच्या मुलांना दाखवायला बोलावू नका. खोलीत जाऊन नुसतं जमिनीवर बसा, मोबाइल बघा, पुस्तक वाचा. तुमच्याकडे बघून त्याने डोळे हळूच मिटले तर तुम्हीही तसेच मिटा, ही त्यांची विश्वासाची खूण आहे. कोणी दोन दिवसांत बाहेर येतं, कोणाला तीन आठवडे लागतात. मात्र २४ तास काहीच खाल्लं नसेल तर प्रश्न ११ पाहा.

४. आमचं घर शुद्ध शाकाहारी आहे. दूध-पोळीवर मांजर राहील ना? आजीच्या वाड्यात तर राहायचं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्यांची माया खरी असते, म्हणून सविस्तर लिहिते. सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं ते मांजर दूध-पोळीवर जगत नव्हतं. ते माळ्यावरचे उंदीर, पाली आणि चिमण्या खात होतं, दूध-पोळी वरून मिळायची. आज सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत, त्यामुळे वाटीत जे पडेल तेवढंच त्याच्या पोटात जातं.

मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक लागतो आणि तो त्याला पुरेसा बनवता येत नाही. टॉरिन मिळतं मांस-मासळीतून. ते कमी पडलं की काही महिन्यांत डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात, आणि बाहेरून मांजर गुबगुबीत दिसत असतं. कुत्र्याचं खाणं चालत नाही तेही याच कारणाने.

स्वयंपाकघरात मांस शिजवायचं नसेल तर शिजवू नका. मांजरासाठीचं तयार कोरडं खाणं आणि ओल्या खाण्याची पाकिटं मिळतात, ती दुसऱ्या कपाटात ठेवा, वेगळी वाटी ठेवा. पाकिटावर "संपूर्ण आहार" असं लिहिलेलं आहे ना, ते बघा. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. माझ्या ओळखीच्या कित्येक शाकाहारी घरांत असंच चालतं, देव्हारा आणि मांजर दोन्ही सुखात आहेत. पण घरात मांसाचं पाकीटसुद्धा चालणारच नसेल तर मांजर आणू नका. ससा पाळा, तो तुमच्या पंगतीला बसेल.

५. मग दूध अजिबात द्यायचंच नाही का?

आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात, पोट गुरगुरतं. एखादं मांजर पचवतं, पण त्यालाही दुधाची गरज नसते. पाणी द्या.

६. घरी चिकन-मासे करतोच. तेच उकडून दिलं तर?

अधूनमधून द्या, आवडीने खातात. फक्त तेवढ्यावरच वाढवू नका, विशेषतः पिल्लाला. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. महिनोन्महिने बोनलेस चिकनवर वाढलेल्या पिल्लांची हाडं इतकी ठिसूळ होतात की सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. असं एक पिल्लू मी सांभाळलं आहे. घरच्यांनी रोज ताजं चिकन आणून घातलं होतं, कसूर केली नव्हती.

उकडताना मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही नको. उकडलेलं पाणी टाकू नका, टॉरिन त्यात उतरलेलं असतं. शिजलेली हाडं देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होतात. गणेश पेठेतून मासळी आणलीत तर मांदेली किंवा बांगडा शिजवून, काटे काढून द्या, कच्चा नको. सुकट आणि सुके बोंबील खारट असतात, ते टाळा.

७. आमची मनी पाणीच पीत नाही.

मांजराचे पूर्वज कोरड्या वाळवंटी मुलखातले, शिकारीच्या मांसातून पाणी मिळवणारे. त्यामुळे त्यांना तहान उशिरा लागते, आणि कोरड्या खाण्यावर असलेलं मांजर वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी पाणी पीत राहतं. दिवसातून एकदा ओलं खाणं द्या किंवा कोरड्या खाण्यात कोमट पाणी घाला. पाण्याचं भांडं खाण्याच्या शेजारी ठेवू नका, घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा आणि रोज बदला. मिशा भांड्याला घासलेल्या बऱ्याच मांजरांना आवडत नाहीत, म्हणून तांब्या-पेल्यापेक्षा परातीसारखं काहीतरी बरं.

पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत दुपारी बाथरूमचं दार उघडं ठेवा, ती गार फरशी शोधून पडतात. तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकणं मांजरात कधीच साधं नसतं. तसं दिसलं तर अंगाला ओला फडका लावून दवाखान्यात न्या.

८. शी-शूसाठी काय ठेवायचं? बांधकामाची वाळू चालते का?

चालते, स्वस्तही पडते. चाळून, उन्हात वाळवून घ्या. पण ती वास धरते आणि घरभर पसरते. दुकानात मिळणाऱ्या बेंटोनाइट मातीचे गोळे होतात, तेवढेच उचलून टाकायचे. लाकडाच्या किंवा टोफूच्या दाण्यांची धूळ कमी उडते. मांजराला साधारणपणे बारीक, बिनवासाचं आवडतं. सुगंधी माती माणसाच्या नाकासाठी असते.

ट्रे मोठा हवा, मांजराच्या लांबीच्या दीडपट. मांजरं जेवढी त्याहून एक ट्रे जास्त. रोज दोनदा गोळे उचला. वापरलेली माती कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. कागदात गुंडाळून सुक्या-ओल्यापासून वेगळी, सॅनिटरी कचऱ्यासोबत द्या, आणि कचरा गोळा करायला येणाऱ्या ताईंना आत काय आहे ते सांगा.

९. ट्रे सोडून गादीवर शू करते. सूड घेते का?

नाही. मांजर सूड घेत नाही. आधी डॉक्टर. लघवीच्या जागी आग होत असेल तर मांजर ट्रेलाच दोष देतं आणि मऊ जागा शोधतं. तपासणीत काही निघालं नाही तर मग घरात काय बदललं ते आठवा. नवी माती, ट्रेची हलवलेली जागा, शेजारी वॉशिंग मशीनचा आवाज, नवं बाळ, पाहुणे, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका. उभ्या भिंतीवर किंवा पडद्यावर शेपूट थरथरवत फवारा मारला असेल तर तो वेगळा प्रकार, हद्द आखण्याचा. त्याचं उत्तर प्रश्न १३ मध्ये.

गादी एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवा, साध्या साबणाने वास आपल्याला गेलेला वाटतो, तिला नाही. आणि फिनेल वापरू नका (प्रश्न १४).

१०. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, पण काही करत नाही. बद्धकोष्ठ झालंय का?

बद्धकोष्ठ समजू नका. आत्ता, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या.

आमचा गोट्या तेव्हा पाच वर्षांचा होता. रात्री साडेदहाला ट्रेमध्ये बसला, उठला, वाळू हुंगली, पुन्हा बसला. अर्ध्या तासात सहा-सात वेळा. मधूनच घशातून खोल आवाज काढायचा आणि मागे वळून चाटायचा. मी ट्रेमध्ये हात घालून पाहिलं, वाळू कोरडी. मला वाटलं शी घट्ट झाली असेल, सकाळी बघू. सकाळी तो बाथरूमच्या कोपऱ्यात फरशीला पोट टेकून पडला होता, शेजारी उलटी. दवाखान्यात डॉक्टरांनी माझा हात धरून त्याच्या पोटावर अलगद ठेवला. आत मोसंब्यासारखं टणक काहीतरी लागत होतं. ते भरलेलं मूत्राशय होतं. नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस सलाईन चाललं आणि तो वाचला. ते आठ तास मी थांबायला नको होतं.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खडे, चिकट स्राव किंवा सूज यांनी तो बंद होतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. घरी पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं. फोन करतानाच "बोका आहे, शू अडली आहे" एवढं स्पष्ट सांगा, म्हणजे समोरचे उद्याची वेळ देणार नाहीत. दिली, तर दुसरा दवाखाना गाठा. म्हणूनच रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे मांजर आणलं त्याच आठवड्यात शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

११. आजारी आहे हे ओळखायचं कसं? दिसायला तर ठीक दिसतं.

दिसायला ठीकच दिसणार. मांजर दुखणं लपवतं. जंगलात दुखणाईत दिसणारा जीव दुसऱ्याचं भक्ष्य होतो, ती सवय रक्तात आहे. गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे असंही नाही, वेदनेतही मांजर गुरगुरतं. म्हणून आपल्याला बारीक फरक बघायला शिकावं लागतं. रोज फ्रिजवर चढणारं आज खुर्चीवरच थांबलं. अंग चाटणं सोडलं, पाठीचे केस राठ झाले. एरवी पायात घोटाळणारं कपाटात जाऊन बसलं.

महिन्यातून एकदा वजन करा. आधी स्वतःचं, मग मांजराला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम घटलं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो घटल्यासारखं आहे. २४ तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते निकामी व्हायला लागतं, म्हणून "भूक लागेल तेव्हा खाईल" हे मांजराच्या बाबतीत खरं नाही.

१२. घराबाहेर जातच नाही, मग लसी कशाला?

कारण आपण बाहेर जातो. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपलांना चिकटून घरात येतो आणि जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. उलट्या-जुलाबांनी पिल्लं दोन दिवसांत जातात. हा विषाणू आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणू अशा तिघांवरची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. रेबीजची तीन महिन्यांनंतर. एका वर्षाने बूस्टर, पुढचं वेळापत्रक डॉक्टर सांगतील. पहिल्या डोसनंतर "झाली लस" म्हणून थांबू नका, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तो डोस निष्फळ करू शकते.

जंतांचं औषध वेगळं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. हा जंत पिसवांमधून येतो, त्यामुळे पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो.

१३. नसबंदी करणं क्रूरपणा नाही का? एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असं आई म्हणते.

आईंना सांगा, "एकदा तरी" याची मांजरीला काही गरज नसते, आणि शरीराला फायदाही नाही. उलट पहिल्यांदा माजावर येण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनात गाठी होण्याचा धोका खूप कमी होतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच मिटतो. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते, रात्रभर विव्हळते, लोळते. लोक दुखतंय समजून घाबरून फोन करतात. गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे वर्षात दोन-तीन विणी सहज होतात. त्या पिल्लांना घरं शोधायला मी वर्षभर फोन फिरवते. एवढी घरं नाहीत.

बोक्याची केली की फवारे, मारामाऱ्या आणि आठ-आठ दिवस बेपत्ता होणं बहुतेक थांबतं. वय चार ते सहा महिने. नंतर भूक वाढते, तेव्हा वाटी मोजून भरा.

१४. घरातल्या कोणत्या वस्तू विषारी असतात?

पॅरासिटामॉल सगळ्यात आधी. तापलेलं वाटलं म्हणून प्रेमाने दिलेली अर्धी गोळी मांजराचा जीव घेते. त्याचं यकृत हे औषध निकामी करू शकत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. मांजराचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच.

दुसरं फिनेल. ओल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. साबणाच्या पाण्याने पुसा, फरशी वाळेपर्यंत दार लावा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, टी-ट्री तेल आणि कापूरही दूर. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका, झटके येतात. घरात कुत्राही असेल तर त्याला लावल्यावर दोघांना वेगळं ठेवा.

आणि लिली. वाढदिवसाच्या गुच्छात येतात ती मोठी पांढरी-गुलाबी फुलं. पाकळी, पान, अंगावर सांडलेले परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पाडतं. लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे चाटल्याची शंका आली तरी लगेच निघा आणि फूल सोबत न्या. निशिगंधाला भिऊ नका, तो या कुळातला नाही. बंगल्यांच्या बागेतला सायकस आणि कण्हेर मात्र विषारीच. मनी प्लांटने तोंडाची आग होते, लाळ गळते, जिवावर सहसा येत नाही.

मीठ-पाणी पाजून घरी उलटी काढू नका.

१५. गजऱ्याचा दोरा गिळला. शेपटीखालून टोक दिसतंय, ओढून काढू?

ओढू नका. दोऱ्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेलं असू शकतं. ओढला की आतडं पडद्याच्या नाडीसारखं गोळा होतं आणि दोरा त्याला कापत जातो. बाहेरचं टोक तसंच सोडा आणि दवाखान्यात जा. राखी, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, शिवणाचा दोरा सुईसकट, हे सगळं डब्यात झाकून ठेवायचं.

१६. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, तेवढी पुरे ना?

नाही. कबुतरांची नायलॉनची जाळी बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी असते. मांजर ती दातांनी कुरतडतं. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या जाळीला खालच्या कोपऱ्यात लिंबाएवढं भोक पडलं होतं, कुंडीमागे कोणाला दिसलं नाही. महिन्याभरात ते मोठं झालं आणि बोका कबुतरामागे त्यातून गेला. जबडा मोडला, जगला.

जाड विणीची किंवा तारेची जाळी लावा, कडा चौकटीत पक्क्या बसवा, आठवड्याला खालचे कोपरे हाताने चाचपा. स्लायडिंग खिडकीची मच्छरजाळी नुसत्या धक्क्याने सरकते, तिला खिटी लावून घ्या. "मांजर चार पायांवरच पडतं" हे खरं असलं तरी सिमेंटवर पडल्यावर छाती आणि जबडा फुटतोच.

१७. मांजर चावलं. घरचंच आहे, लस घेतलेली आहे. आपण इंजेक्शन घ्यायचं का?

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना काही भरू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, मांजराचं लसीचं कार्ड घेऊन. इंजेक्शन किती आणि कोणती ते डॉक्टर ठरवतील. लस ससूनमध्येही मिळते. मांजर बाहेरचं, अनोळखी असेल तर विचार करत बसायचं कारणच नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपचार नाही. मांजर चावलेलं असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्षही ठेवा, पण त्यासाठी इंजेक्शन लांबवू नका.

शिवाय मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून टिंबाएवढी खूण दिसते आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजतं. तेही दाखवा.

१८. सुनेला दिवस गेलेत. सासूबाई म्हणतात मांजर सोडून या.

सोडू नका. भीती टॉक्सोप्लाझ्मोसिसची आहे, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या एका संसर्गाची. मांजराला हा संसर्ग कच्चं मांस किंवा उंदीर खाऊन होतो आणि साधारण पहिल्या संसर्गानंतरच, एक ते तीन आठवडे, त्याच्या शीतून या रोगाचे जंतू बाहेर पडतात. ती शी संसर्ग देण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी. मांजराला कच्चं मांस नाही, बाहेर फिरणं नाही. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेल्या पालेभाज्यांतून माणसांना हा संसर्ग जास्त होतो, तेव्हा मेथी-कोथिंबीर नीट धुवा. बाकी आपल्या डॉक्टरांशी बोला. मांजराला जवळ घेऊन बसायला हरकत नाही.

१९. मांजराच्या केसांनी दमा होतो का?

ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची असते. चाटल्यामुळे ते केसांवर येतं आणि घरभर उडतं. त्यामुळे "कमी केसांचं" मांजर हा उपाय नाही. घरात कोणाला दमा असेल तर आणण्याआधी मांजर असलेल्या घरी दोन-तीनदा, तास-दोन तास बसून या.

पावसाळ्यात मुलांच्या हातावर गोल, लाल, खाजरे चट्टे उठले आणि मांजराच्या कानाजवळचे केस गेले, तर ते गजकर्ण. एकमेकांना लागतं, दोघांनाही एकदमच औषध करावं लागतं. बरं होतं, पण आठवडे लागतात.

२०. गणपती आणि दिवाळीत काय करायचं?

लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांच्या आसपास राहत असाल तर विसर्जनाच्या दिवशी आतली, खिडक्या कमी असलेली एक खोली तयार ठेवा. उघडं कपाट, जुनी चादर, पाणी, ट्रे. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तोवर आत राहू दे. लपलं असेल तर लपू दे, मांडीवर दाबून धरू नका. दिवाळीत फराळाच्या ये-जा करणाऱ्यांनी दार उघडं टाकणं फटाक्यांइतकंच धोक्याचं. सगळ्यात जास्त मांजरं याच चार दिवसांत हरवतात, असं माझ्या फोनवरून दिसतं. पणत्या शेपटीच्या उंचीवर ठेवू नका.

२१. माळ्यावर मांजर व्यायली आहे. पिल्लांना हात लावला तर टाकते म्हणे. आणि सात घरं फिरवते हे खरं?

सातच असं नाही, पण जागा बदलते. वास, आवाज, माणसांची ये-जा वाढली की एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. माणसाचा हात लागला म्हणून ती सहसा टाकत नाही, पण आपण सारखं डोकावत राहिलो तर हलवते, आणि नवी जागा कमी सुरक्षित असू शकते. खाली खाणं-पाणी ठेवा, बाकी तिच्यावर सोडा.

पिल्लं एकटी दिसली तर लगेच उचलू नका. गरम आणि शांत झोपली असतील तर आई शिकारीला गेली आहे. लांबून चार-पाच तास बघा. गार पडलेली, सतत रडणारी, मुंग्या लागलेली असतील तर उचला. आधी ऊब द्या, मग दूध. गार पिल्लाला पाजलं तर पचत नाही. गाईचं दूध नको, मांजराच्या पिल्लांसाठीची दूध-पावडर मिळते. पाजताना पालथं, आई पाजते तसं धरा. बाळासारखं उताणं धरलं की दूध छातीत जातं. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला शी-शूसुद्धा आपणहून करता येत नाही, ओल्या कोमट कापसाने हळूच चोळावं लागतं.

पिल्लं खायला लागली की आईची नसबंदी करून घ्या. अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर तिची आधीच झालेली आहे.

२२. दुसरं मांजर आणलं, पहिलं फिस्कारतंय. परत देऊ?

थांबा. दोघांना एकदम समोरासमोर आणलंत ना? नव्याला आठवडाभर बंद खोलीत ठेवा. एकाच्या अंगाला पुसलेला फडका दुसऱ्याच्या वाटीजवळ ठेवा. दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण. मग दार बोटभर उघडं. फिस्कारणं म्हणजे बोलणं. कान पाठीला चिकटवून एकमेकांवर तुटून पडले तर पुन्हा पहिल्या पायरीवर या. महिना लागला तरी तो जास्त नाही.

२३. आठ दिवस कोकणात जातोय. सोबत न्यावं का?

शक्यतो नको. मांजराला जागा बदलणं प्रवासाहून जड जातं. रोज दोनदा येऊन खाणं, पाणी, ट्रे बघेल आणि मांजर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाणार नाही, असं ओळखीचं कोणी ठरवा. चार दिवसांचं खाणं एकदम भरून कुलूप लावू नका, प्रश्न १० आठवा. न्यावंच लागलं तर बंद कॅरिअरमध्ये, ताम्हिणीच्या वळणांआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवून.

२४. सोसायटी म्हणते मांजर पाळायला बंदी आहे. आणि नोंदणी करावी लागते का?

पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. पण जिन्यातली घाण आणि वास याबद्दलची शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते, ती आपणच मिटवायची. पाळलेला प्राणी रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे "मांजर बाणेरच्या टेकडीवर सोडून येऊ का" असं विचारणाऱ्यांना मी दरवेळी सांगते.

नोंदणी करा. पुणे महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी आवश्यक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये घेतला. रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, तो जपून ठेवा. पिंपरी-चिंचवडकरांनी आपल्या महापालिकेत विचारावं.

२५. काल रात्रीपासून सापडत नाही. कुठे शोधू?

जवळच. घरात राहणारं मांजर बाहेर पडलं की पळत सुटत नाही, पहिल्या आडोशाला दडून बसतं आणि तोंडातून आवाजही काढत नाही. पार्किंगमधल्या गाड्यांखाली, मीटरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखालच्या भंगारात वाकून बघा. थंडीत ती ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरतात, म्हणून वॉचमनना सांगा की सकाळी गाडी सुरू करण्याआधी लोकांना बॉनेटवर थाप मारायला सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका. पण खरा शोध रात्री दोन-तीनला, सगळं शांत झाल्यावर. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीलगत हळूहळू फिरवायचा.

आमची चिंगी अकराव्या रात्री सापडली, फाटकापासून शंभर पावलांवर, पंपाच्या खोलीमागे. दहा रात्री मी तिथूनच हाका मारत गेले होते. तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. टॉर्च फिरला तेव्हा विटांच्या फटीत दोन हिरवे ठिपके चमकले. मी तिथेच बसले, डबा हलवला नाही, हात पुढे केला नाही. वीस मिनिटांनी ती स्वतः आली.

सापडल्यावर एकदम पोटभर घालू नका. चमचा-दोन चमचे ओलं खाणं, तासाभराने पुन्हा तेवढंच, आणि सकाळी डॉक्टर.